गरोदरपणात दारू: पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो?

वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरीही देवळीत तपासणीला आलेल्या गरोदर बाईला मी दारूबद्दल विचारतोच. गावठी, मोहाची दारू बंदीतही मिळते आणि पिणारी बाई भीतीने ते लपवते.

दारू बाळापर्यंत कशी जाते?
आईच्या रक्तातली दारू वारेतून थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात उतरते. बाळाचे यकृत कच्चे असल्याने तिचा निचरा लवकर होत नाही.

काय होऊ शकते?
गर्भपात, पोटातच बाळ दगावणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन. पहिल्या तीन महिन्यांत चेहरा, हृदय घडताना व्यंग येऊ शकते. मेंदू तर नऊही महिने घडत असतो. 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' झालेल्या मुलाचे डोळे बारीक, वरचा ओठ पातळ असतो; पुढे अभ्यास, लक्ष आणि वागणुकीत अडचणी येतात. ही इजा पूर्ण बरी होत नाही.

थोडी चालते का?
नाही. सुरक्षित असे प्रमाणच ठरलेले नाही. बिअर, वाइन, सर्दीसाठीची ब्रँडीसुद्धा नको.

आधीच घेतली असेल तर?
आजच थांबवा, कोणत्याही महिन्यात थांबवले तरी फायदा होतो. मात्र रोज पिणारीने घरीच एकाएकी सोडू नये. थरथर सुटते, झटके येऊ शकतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

घरच्यांनो, तिला रागावू नका. तिने डॉक्टरांना खरे सांगितले, तरच बाळाला मदत होईल.