कळफलकावरच्या तीन वाटा

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या एखाद्या घरात नवा डेस्कटॉप येतो. खोक्यातून मॉनिटर निघतो, सीपीयू टेबलाखाली सरकतो, कीबोर्ड आणि माऊसच्या वायरी मागच्या यूएसबीत बसतात आणि मशीन पहिल्या खटक्याला सुरू होते. खरा पेच संध्याकाळी पडतो, घरातल्या कुणाला मराठीत अर्ज लिहायचा असतो तेव्हा. सेटिंगमध्ये मराठी भाषा सापडते, पण तिच्याबरोबर प्रश्न येतो: कीबोर्ड इन्स्क्रिप्ट घ्यायचा की फोनेटिक? आणि टायपिंगचा क्लास केलेले काका म्हणतात, दोन्ही नकोत, मला रेमिंग्टन लावून दे. कळा त्याच, अक्षरे मात्र तिन्हींत वेगळ्या जागी. या तीन वाटा कुठून फुटल्या ते पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

चांदवडमध्ये शिक्क्याने अक्षर उमटवण्याचे काम कागदावर नव्हे, चांदीवर सुरू झाले. होळकरांच्या अमलात इथल्या टांकसाळीत रुपये पडत, आणि त्यांवर फारसी लिपीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे गावाचे नाव असे. शिक्क्यावर अक्षर उलटे कोरायचे, म्हणजे नाण्यावर ते सुलटे उमटते. छापखान्याच्या खिळ्याचे तत्त्व तेच. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूर इथे विल्यम केरीने मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरी खिळ्यांनी. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग काढले. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना असे देखणेपण दिले की ते टाइप देशभर नावाजले गेले. पण मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली की खिळ्यांची संख्या काहीशेंवर जाई. खिळे जुळवणाऱ्याला घरांच्या पेट्यांसमोर दिवसभर हात फिरवत राहावे लागे. हा पसारा कमी करण्याच्या खटाटोपात ‘केसरी’चे टिळकही पडले होते, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही.

याच पसाऱ्यापुढे टाइपरायटर आला तेव्हा काय झाले असेल, याचा जरा विचार करू. अमेरिकेत मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सने १८६८ मध्ये पेटंट घेतले, आणि १८७४ पासून बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याने ते यंत्र विकायला काढले. क्यू, डब्ल्यू, ई, आर ही आजची ओळ तिथली. ते यंत्र सव्वीस अक्षरांसाठी घडलेले. देवनागरीला त्यात मिळाली नव्वदेक चिन्हांची जागा. मग अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा ‘ख’ एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही मिळून पूर्ण अक्षर. वरच्या मात्रेची कळ अशी की ती दाबली तरी गाडा पुढे सरकत नसे. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी मारायची, अक्षर नंतर. कान ‘कि’ ऐकतो तेव्हा ‘क’ आधी असतो. रेमिंग्टन शिकलेल्या बोटांना मात्र वेलांटी आधी लागते. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय टाइपरायटर बाजारात आणला, आणि तालुक्याच्या गावागावांत टायपिंगचे क्लास खडखडू लागले. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. कचेरीतल्या नोकरीचा रस्ता त्या खडखडाटातून जात होता. काकांची बोटे आजही याच वाटेने चालतात.

दुसरी वाट संगणकाने काढली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम झाले, त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र जन्मले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते वाढवले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये जी मांडणी प्रमाण मानली ती इन्स्क्रिप्ट. तिच्यात अक्षराच्या दिसण्यापेक्षा उच्चाराचा क्रम महत्त्वाचा: आधी ‘क’, मग वेलांटी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबला की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’. एफ आणि जे या कळांवर बोटांना लागणारे जे उंचवटे असतात, तिथे इन्स्क्रिप्टमध्ये पहिली वेलांटी आणि ‘र’ बसले आहेत. बंगाली, तमिळ, तेलुगूतही ‘क’ त्याच कळीवर. माझ्या मते आपल्या लिप्यांविषयी इतका समंजस विचार फार थोड्या यंत्रांनी केला.

तरीही नव्वदच्या दशकात घरोघर आणि डीटीपीच्या दुकानांत राज्य केले ते फाँटनी. संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच राही. फाँट फक्त त्यावर मराठी आकार रंगवी. म्हणून चांदवडला टाइप केलेली पत्रिका नाशिकच्या दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे. उपाय एकच: फ्लॉपीत फाँटही घालून न्यायचा. तोडगा तयार होता. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला होता, पण तो घरच्या पडद्यापर्यंत यायला नऊ-दहा वर्षे लागली. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फाँट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी मराठी कवी आणि सुलेखनकार. विंडोज एक्सपीवर मात्र वेलांटी चुकून अक्षरामागे उभी राही, जोडाक्षरे पाय मोडलेल्या अवस्थेत सुटी पडत. कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसमोरच्या चौकटीत खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. ती सीडी हरवलेली असली की सगळे अडले. त्याच काळात, २००२ पासून, संगणक-साक्षरतेच्या एमएस-सीआयटी वर्गांनी हजारो मुलांना माऊस हातात धरायला शिकवले.

कीबोर्डच्या जोडण्याही बदलत होत्या. आधी पाच टाचण्यांची जाडजूड गोल पिन, मग आयबीएमच्या १९८७ च्या मशीनवरून आलेली सहा टाचण्यांची पीएस/२. पुढे तिच्यात कीबोर्ड जांभळा आणि माऊस हिरवा झाला. घाईत उलटी घुसवली की टाचणी वाकायची आणि पडद्यावर कीबोर्डची चूक दिसायची. कीबोर्ड सापडत नसताना एफ-वन दाबा असे मशीन सांगे. यूएसबीने ती कटकट संपवली.

१५ जुलै २०१० रोजी रुपयाला स्वतःचे चिन्ह मिळाले, आणि त्याच ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये दाखल झाले. ज्या गावात एकेकाळी रुपये पाडले जात, तिथे आता भारतीय इंग्रजीच्या मांडणीत उजवा ऑल्ट आणि चार दाबले की रुपया उमटतो. २०१७ मध्ये राज्यातली टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली. २०१९ मध्ये विंडोजनेच मराठी फोनेटिक कीबोर्ड दिला आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची तिसरी वाट घरात आली.

तेव्हा अर्ज लिहायला बसलेल्याने इन्स्क्रिप्ट निवडला आहे असे धरू. अर्ज सातमाळेच्या डोंगरातल्या वाटेविषयी आहे, आणि तो ‘दऱ्या’ या शब्दापाशी अडतो. ‘द’ आला, पुढे ‘र’, हलन्त, ‘य’ मारले तर ‘दर्या’ होते, म्हणजे रफार डोक्यावर चढून बसतो. इथे साधा ‘र’ चालत नाही. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ आणि काना. पडद्यावर ‘दऱ्या’ उमटते, आणि अर्ज पुढे सरकतो.