संरक्षण आदेशाची कुळकथा

संरक्षण आदेश म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याने एका माणसाला दिलेली लेखी ताकीद : या स्त्रीला मारू नकोस, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नकोस, तिला फोन, पत्र, मेसेज करू नकोस, तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देऊ नकोस. हा आदेश मिळण्याआधी कोणता गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. झालेल्या गोष्टीची शिक्षा देणे हे त्याचे काम नाही. होऊ घातलेली गोष्ट थांबवणे हे त्याचे काम आहे. भारतात त्याला आजचे रूप 2005 च्या ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमा’ने दिले. नवरा किंवा सोबत राहिलेला जोडीदार सोडल्यानंतरही पिच्छा सोडत नसेल, तर या आदेशाइतके नेमके हत्यार दुसऱ्या कायद्यात नाही.

त्याचे मूळ शोधत मागे गेले की पहिला ठळक टप्पा लागतो तो इंग्लंडात, 1361 साली. तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या एका कायद्याने शांतता राखणाऱ्या न्यायाधीशांना उपद्रवी माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचा अधिकार दिला. वागणूक बिघडली की जामिनाची रक्कम जप्त. ही सोय रस्त्यावरच्या दंगेखोरांपुरती राहिली नाही. अठराव्या शतकात विल्यम ब्लॅकस्टोन या विधिज्ञाने नोंदवून ठेवले आहे की बायको नवऱ्याविरुद्धही असा जामीन मागू शकते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने साधा दावाही लावता येत नसे, त्या काळात तिला मिळालेली ही एक फट होती. मात्र ‘माझ्या जिवाला धोका आहे’ हे तिला शपथेवर सांगावे लागे.

हीच कल्पना इंग्रजी अमलात फौजदारी प्रक्रिया संहितेतून हिंदुस्थानात आली. संहितेच्या आठव्या प्रकरणात शांतता राखण्याच्या बंधपत्राची कलमे होती, त्यातले 107 वे सर्वांत वापरातले. प्रकरणाला इंग्रजीत चॅप्टर म्हणतात, म्हणून महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत या कारवाईचे नाव ‘चॅप्टर केस’ पडले ते कायमचे. 2023 च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे प्रकरण नववे झाले आणि कलम 126 वे, तरी ठाण्यातला शब्द चॅप्टरच राहिला. बायकोला त्रास देणाऱ्या नवऱ्याची तक्रार आली की एनसी लिहायची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करायची, आणि फार तर चॅप्टर केस करायची, हा ठाण्यातला जुना रिवाज. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत असे प्रकरण सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालते, इतरत्र बहुधा तहसीलदारांपुढे. बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षाचे असते. सार्वजनिक शांतता बिघडण्याची भीती हा त्याचा पाया आहे, आणि घराच्या चार भिंतींतली मारहाण सार्वजनिक शांततेत बसवायला अधिकारी सहसा तयार नसत. जामिनाच्या रकमेने एका स्त्रीचा दरवाजा सुरक्षित होत नाही, हे या उपायाचे जुने दुखणे आहे.

इंग्लंडात पुढचे पाऊल 1878 मध्ये पडले. फ्रान्सेस पॉवर कॉब यांनी बायकांना होणाऱ्या मारहाणीवर लिहिलेल्या लेखाने तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्याच वर्षीच्या कायद्याने, नवरा गंभीर मारहाणीबद्दल दोषी ठरला तर बायकोला वेगळे राहण्याचा आदेश देण्याची मुभा दंडाधिकाऱ्यांना मिळाली. म्हणजे आधी मार खायचा, मग तो शाबीत करायचा आणि मग सुटका. ‘आधी आदेश’ ही कल्पना रुळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे गेली. 1970 च्या दशकात मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरागृहे उघडू लागली, आणि 1976 मध्ये अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना कायदे झाले. इंग्लंडने कौटुंबिक मनाई हुकमाला अटकेचा अधिकार जोडला, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने दिवाणी संरक्षण आदेशाचा स्वतंत्र कायदा केला. आदेश दिवाणी, पण तो मोडला तर पोलीस पकडतील, ही जोडणी तिथे पक्की झाली.

भारताने त्या सुमारास दुसरी वाट धरली. हुंड्यासाठी होणाऱ्या मृत्यूंविरुद्धच्या आंदोलनातून 1983 मध्ये दंड संहितेत 498-अ हे कलम आले आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरला. कलम आवश्यक होते, पण त्याची मर्यादा लवकरच दिसली. नवरा कोठडीत गेला तरी बाईला डोक्यावर छप्पर मिळत नसे. तो जामिनावर सुटला की पुन्हा दारात उभा. लग्नाशिवाय सोबत राहिलेली स्त्री तर या कलमात बसतच नव्हती. मुंबई पोलीस आयुक्तालयात 1984 पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने चालवलेल्या ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्षा’ने वेगळी पद्धत घालून दिली : पोलीस ठाण्याच्या आतच समाजकार्यकर्ती बसवायची आणि बाईला नेमके काय हवे आहे ते आधी विचारायचे. पुष्कळ बायकांना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसते. मार थांबावा आणि घर सुटू नये, एवढेच हवे असते.

हे मागणे कायद्याच्या भाषेत आणण्याचे काम 1990 च्या दशकात इंदिरा जयसिंग आणि लॉयर्स कलेक्टिव्हमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 1993 मध्ये मान्यता दिली होती, त्याचाही आधार होता. पण सरकारने 2002 मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक निराळेच निघाले. त्यात ‘सवयीने’ केलेली मारहाण हिंसा ठरणार होती. शिवाय स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या बचावासाठी नवरा तसा वागला असेल, तर ती हिंसाच नव्हे, अशी पळवाट होती. किती वेळा मारले म्हणजे सवय, हा प्रश्न महिला संघटनांनी देशभर विचारला. संसदेच्या स्थायी समितीनेही बदल सुचवले. 2004 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक बुडाले, ते बरेच झाले. नवे विधेयक 2005 मध्ये मंजूर झाले, 13 सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून कायदा लागू झाला.

माजी जोडीदाराच्या दृष्टीने या कायद्याचा सगळा जीव कलम 2 मधल्या एका शब्दसमूहात आहे. कौटुंबिक नाते म्हणजे एका घरात राहणाऱ्या, किंवा ‘कोणत्याही वेळी’ राहिलेल्या, दोन व्यक्तींमधले नाते. ते रक्ताचे, लग्नाचे, दत्तकाचे किंवा लग्नासारख्या संबंधाचे असू शकते. ‘राहिलेल्या’ हे भूतकाळी रूप मुद्दाम घातलेले आहे. स्त्री घर सोडून निघते तेव्हाच हिंसा अधिक धोकादायक होऊ शकते, हे मसुदा करणाऱ्यांना ठाऊक होते. तरी न्यायालयांत वाद झालेच. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात ठरवले की लग्न टिकून असताना झालेल्या हिंसेची दाद घटस्फोटानंतरही मागता येते. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की अर्जाच्या दिवशी नाते चालू असलेच पाहिजे असे नाही. लग्नाशिवायच्या नात्याच्या कसोट्या मात्र 2010 च्या निकालाने कडक ठेवल्या : अधूनमधून शनिवार-रविवार सोबत घालवणे पुरेसे नाही.

अर्ज स्त्रीला स्वतः, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाकडून नेमलेले असतात. घडलेल्या घटनांचा अहवाल विहित नमुन्यात ते भरतात. कमाई कितीही असली तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ती आज जिथे राहते तिथले न्यायालय चालते, मग ते राहणे तात्पुरते का असेना. माहेरी किंवा मैत्रिणीकडे आसरा घेतलेल्या बाईसाठी ही तरतूद अमूल्य आहे. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बायकांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात, आणि हा विलंब कायद्याच्या हेतूवरच घाव घालतो. म्हणून कलम 23 महत्त्वाचे. प्रतिज्ञापत्रावरून, समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेश देता येतो. आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला विनामूल्य जाते. संरक्षण आदेश स्त्री स्वतः तो रद्द करण्याचा अर्ज करीपर्यंत टिकतो. परिस्थिती बदलली तर न्यायालय त्यात फेरफार करू शकते. तो मोडणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

एका घरात कधीच न राहिलेल्या प्रियकराने पिच्छा पुरवला तर? त्यासाठीची शाखा वेगळ्या खोडाची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1990 मध्ये पाठलागाला पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा केले. आदल्या वर्षी एका तरुण अभिनेत्रीचा तिच्या मागावर असलेल्या माणसाने खून केला होता. इंग्लंडात 1993 मध्ये जुन्या मित्राच्या अखंड फोनांनी त्रासलेल्या तरुणीसाठी न्यायालयाला शेजारधर्मातल्या उपद्रवाचा कायदा ताणावा लागला, आणि 1997 मध्ये छळापासून संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. भारतात डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला, आणि 2013 च्या दुरुस्तीने दंड संहितेत 354-ड हे कलम आले. स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवूनही वारंवार मागे जाणे, संपर्क साधणे, किंवा तिच्या इंटरनेट, ईमेलवर नजर ठेवणे हा पाठलाग. ‘यापुढे संपर्क करू नकोस’ हा एक मेसेज जपून ठेवण्याचे महत्त्व या व्याख्येतून येते. पण पहिला गुन्हा जामीनपात्र ठेवला गेला. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र.

1 जुलै 2024 पासून पाठलागाचे हेच कलम दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 78 वे आहे, 498-अ चे 85 व 86 झाले आहे, आणि 2005 चा कायदा आपल्या जागी आहे. त्यामुळे आजही दोन बायकांची स्थिती वेगळी राहते. सोबत राहिलेल्या स्त्रीच्या हाती आदेश असतो, आणि तो मोडणारा पहिल्याच वेळी अजामीनपात्र गुन्हेगार ठरतो. वेगळ्या घरात राहून नाते तोडलेल्या तरुणीला कलम 78, धमकीचा गुन्हा, दिवाणी न्यायालयातला मनाई हुकूम किंवा ती जुनी चॅप्टर केस, यांतूनच वाट काढावी लागते.