लष्करी वैमानिकी आणि नगरेतिहास, महाराष्ट्रातील

लष्करी विमानांसाठी उभारलेली धावपट्टी, तळ, दुरुस्ती-आगार किंवा कारखाना यांमुळे गावांच्या व नगरांच्या जमीनवापरात, वस्तीत आणि अर्थव्यवहारात घडून आलेल्या बदलांचा इतिहास. किल्ल्याच्या वा छावणीच्या आश्रयाने पेठा वसल्याची उदाहरणे महाराष्ट्रात विपुल आहेत. कामठी, खडकी, देवळाली ही नावे त्या दृष्टीने परिचित आहेत. विमानतळ हा त्याच परंपरेतील विसाव्या शतकातील दुवा होय. तथापि त्याचे गावाशी असलेले नाते निराळे आहे. घोडदळाच्या छावणीला धान्य, चारा, कातडे व कारागीर भोवतालच्या मुलुखातूनच मिळवावे लागत. विमानाला लागणारे इंधन, सुटे भाग आणि कुशल मनुष्यबळ दुरून आणता येते. त्यामुळे विमानतळ शिवारात असूनही गावापासून अलिप्त राहू शकतो. गावाचे रूप केवळ धावपट्टीमुळे पालटत नाही. तिच्याभोवती कोणते काम उभे राहते, त्यावर ते अवलंबून असते.

युद्धकालीन धावपट्ट्या : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) देशाच्या अंतर्भागात अनेक धावपट्ट्या तयार करण्यात आल्या. विदर्भात गोंदियाजवळ बिरसी येथे १९४० मध्ये, तर अकोल्याजवळ शिवणी येथे १९४३ मध्ये धावपट्टी झाली. युद्ध संपल्यावर त्यांची लष्करी निकड ओसरली. गोंदियाची वाढ लोहमार्गाचे प्रस्थानक व भातगिरण्या यांमुळे, तर अकोल्याची कापसाच्या बाजारपेठेमुळे होत राहिली. धावपट्ट्या मात्र मागे उरल्या आणि पुढील पिढ्यांच्या वादाचा विषय झाल्या. शिवणीची धावपट्टी वाढवावयाची, तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन हवी, हा पेच दीर्घकाळ चर्चेत राहिला. बिरसीला मात्र वैमानिक-प्रशिक्षणामुळे आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रवासी सेवेमुळे नवे प्रयोजन लाभले. यवतमाळ येथील धावपट्टी या युद्धकालीन मालिकेतील नव्हे. ती औद्योगिक विकासाच्या हेतूने पुढील काळात झाली आणि २००९ मध्ये राज्यातील अन्य काही विमानतळांबरोबर खाजगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. कापसाची पेठ आणि जिल्ह्याचे ठाणे ही यवतमाळची ओळख तिने बदलली नाही. लष्करी असो वा मुलकी, कामाविना पडून राहिलेली धावपट्टी नगराला घडवीत नाही, हे या तिन्ही उदाहरणांवरून दिसते.

नागपूरची गोष्ट वेगळी. देशाच्या मध्यावर असल्यामुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने सोनेगाव येथे एकत्र येत व टपालाची अदलाबदल करून परतत. भारतीय हवाई दलाच्या परिरक्षण विभागाचे (मेंटेनन्स कमांडचे) मुख्यालयही याच शहरात आले आणि ‘वायुसेनानगर’ ही वसाहत शहराच्या नकाशावर उमटली.

लोहगाव : पुण्याच्या ईशान्येस असलेल्या लोहगाव येथील तळ १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणाच्या हेतूने स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाचा एक प्रमुख तळ बनला. सुखोई-३० एमकेआय ही विमाने २००२ मध्ये येथेच हवाई दलात समारंभपूर्वक दाखल करण्यात आली. पुण्याची मुलकी विमानवाहतूकही याच लष्करी धावपट्टीवरून होते. शहर विस्तारत तळाच्या भिंतीपर्यंत पोहोचले. ‘विमाननगर’ या उपनगराने तर आपले नावही विमानावरून घेतले. लोहगावचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला.

या सान्निध्याची दुसरी बाजूही आहे. तळाच्या परिसरातील बांधकामांवर व इमारतींच्या उंचीवर निर्बंध येतात. हवाई दलाच्या सरावाला अग्रक्रम असल्याने मुलकी उड्डाणांना वेळेच्या मर्यादा पडतात. या अडचणीतून पुण्यासाठी स्वतंत्र विमानतळाचा शोध सुरू झाला आणि २०१६ मध्ये पुरंदर तालुक्यातील जागेची निवड जाहीर झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी व उदाचीवाडी या गावांतील शेतकऱ्यांनी भूसंपादनास विरोध केला. लोहगावच्या तळाची स्थापना झाली, तेव्हा या गावांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु लष्करी व मुलकी गरजा एकाच धावपट्टीवर एकवटल्याचा भार पाऊणशे वर्षांनी त्यांच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचला.

ओझर : महाराष्ट्रात लष्करी वैमानिकीने एखाद्या गावाचा कायापालट केल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील, मुंबई-आग्रा मार्गावरील ओझर हे होय. बाणगंगेच्या काठचे हे शेतीप्रधान गाव नासिकच्या ईशान्येस सु. २० किमी.वर आहे. मिग-२१ विमाने भारतात बांधण्यासंबंधी १९६२ मध्ये सोव्हिएट युनियनशी करार झाला. त्यानुसार काम तीन ठिकाणी विभागले गेले : विमानाचा सांगाडा व अंतिम जुळणी ओझर येथे, एंजिने ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनीय उपकरणे हैदराबाद येथे. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडचा पाया सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये घातला होता. या कंपनीत १९६४ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेडचे विलीनीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली आणि ओझरचा कारखाना तिचा विभाग बनला. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले व १९६३ मध्ये नासिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. कारखाना ओझरला येण्याचे श्रेय लोकस्मृतीत त्यांनाच दिले जाते.

प्रथम आयात भागांची जुळणी करून विमाने तयार झाली. कच्च्या मालापासून येथे बांधलेले पहिले मिग-२१ एफएल विमान १९७० मध्ये हवाई दलाच्या स्वाधीन करण्यात आले. मिग-२१ च्या निरनिराळ्या प्रकारांची मिळून पाचशेहून अधिक विमाने, पुढे मिग-२७ जातीची १६५ विमाने आणि २००० च्या करारानंतर सुखोई-३० एमकेआय जातीची २२२ विमाने असा ओझरच्या निर्मितीचा आलेख आहे. हवाई दलाचे ११ क्रमांकाचे तळ-दुरुस्ती आगारही येथेच असल्याने निर्मितीबरोबर दुरुस्तीचे कसबही रुजले.

कारखान्याबरोबर स्वतंत्र वसाहत आली. शाळा, रुग्णालय, क्रीडांगणे झाली. निरनिराळ्या प्रांतांतील तंत्रज्ञ आणि आसपासच्या खेड्यांतील तरुण एकाच पाळीत काम करू लागले. सुट्या भागांच्या व हत्यारांच्या कामामुळे सातपूर, अंबड येथील लघुउद्योगांना अचूकतेची शिस्त लागली. ‘ओझर मिग’ हे नाव एस. टी.च्या पाट्यांवर आणि बोलण्यात इतके रुळले की, मिग विमानांचे उत्पादन थांबल्यावरही ते टिकून राहिले. मात्र ज्यांची जमीन गेली ते गाव आणि तारेच्या कुंपणाआडची आखीव वसाहत यांत दीर्घकाळ अंतर राहिले. कुंपणाबाहेर द्राक्षबागांचे अर्थकारण स्वतंत्रपणे वाढत गेले. २०१४ मध्ये मुलकी प्रवासी इमारत दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या बाजूस सुरू झाल्यावर ही दोन विश्वे काहीशी जवळ आली.

परावलंबन : एकाच ग्राहकासाठी चालणाऱ्या कारखान्याचे भवितव्य त्या ग्राहकाच्या मागणीशी बांधलेले असते. सुखोईच्या मागण्या पूर्ण होत आल्या, तेव्हा ओझरपुढे नव्या कामाचा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोई विमानांचा करार झाला. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझर येथे तेजस एमके-१ए या भारतीय विमानाच्या तिसऱ्या व एचटीटी-४० या प्रशिक्षण-विमानाच्या दुसऱ्या उत्पादनमालिकेचे उद्‌घाटन झाले. एका गावातील दोन पिढ्यांच्या चरितार्थाचा निर्णय मॉस्को व दिल्ली येथील वाटाघाटींत होत आला, हे या घटनाक्रमातून दिसून येते.

मूल्यमापन : युद्धकालीन धावपट्टीने जमीन घेतली, पण गावाला फारसे काही दिले नाही. तळाने शहराला प्रतिष्ठा व दळणवळण दिले, तशीच त्याच्या वाढीला सीमाही घातली. कारखान्याने मात्र कसब दिले आणि ते कारखान्याच्या भिंतीबाहेरही पसरले. विमानाचे आयुष्य काही दशकांचे असते. एका विमानाकडून दुसऱ्या विमानाकडे नेता येते ते हे कसबच होय. म्हणून लष्करी वैमानिकीचा स्थानिक इतिहास लिहिताना स्क्वाड्रनांच्या व उड्डाणांच्या नोंदींइतकेच महत्त्व भूसंपादनाची कागदपत्रे, गावठाणांचे नकाशे, शाळांचे दाखले आणि कामगारांच्या आठवणी यांना द्यावे लागते.