कबुतरांचा त्रास कशाने कमी होतो? जाळी, दाणे आणि दादरचा धडा

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतला दादरचा कबुतरखाना राज्यभर गाजला. वाद मुंबईचा असला, तरी गॅलरीत साचणारी विष्ठा, एसीच्या मागचं घरटं आणि पहाटेपासूनचं घुमणं आता मोठ्या शहरांपुरतं राहिलेलं नाही. जत, विटा, तासगावसारख्या गावांतही स्लॅबच्या इमारती वाढल्या आणि कबुतरांना जागा मिळाली. मग जाळी मारायची, फटाके लावायचे की दाणे टाकणाऱ्यांना थांबवायचं? थोडक्यात उत्तर असं: जाळीने तुमची गॅलरी वाचते, पण गावातली कबुतरं कमी होतात ती खाणं कमी झाल्यावरच. हे कसं, ते समजून घेऊ.

पारवा इमारतीत का आला?

आपण ज्याला सरसकट कबुतर म्हणतो, तो पारवा. हा मूळचा कडेकपारीत राहणारा पक्षी. दख्खनच्या पठारावर त्याला किल्ल्यांच्या भिंती, देवळांची शिखरं आणि जुन्या दगडी विहिरी मिळाल्या. विहिरीत डोकावलं की फडफड करत वर उडणारे पारवे जत भागातल्या माणसाला नवे नाहीत. खिडकीवरचा सज्जा, पाइपची खाच, जिन्यावरची पोकळी ही त्याच्यासाठी कपारच असते.

विहिरीतला पारवा रानात जाऊन दाणे शोधतो. गावातल्या पारव्याला ते आयते मिळतात. किराणा आणि भुसार दुकानांसमोर सांडलेलं धान्य, उघडा कचरा आणि मुद्दाम टाकलेली ज्वारी किंवा मका.

त्यांची संख्या इतकी वेगाने का वाढते?

मादी एका वेळी दोन अंडी घालते. साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि चार-पाच आठवड्यांत उडू लागतात. चिमणीच्या पिल्लांना किडे-अळ्या लागतात, त्यामुळे तिला हंगाम पाहावा लागतो. पारव्याचं तसं नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि सुरुवातीला पिल्लं त्यावरच वाढतात. आई-बापाला दाणे मिळाले की पिल्लाचं भागतं. म्हणून खाणं असेल तर वर्षभर वीण चालू राहते.

एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे लागतात. म्हणजे चौकात रोज टाकलेल्या एक किलो धान्यावर तीसेक कबुतरं जगतात. त्यांना दिवसभर अन्न शोधावं लागत नाही, आणि तो वेळ घरटी करण्यात जातो.

मारून किंवा हाकलून संख्या कमी होते का?

याचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने स्वतःच्या अनुभवातून शोधलं. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं पकडून किंवा गोळ्या घालून मारली गेली. तरी संख्या कमी झाली नाही, कारण रिकामी झालेली जागा नवी पिल्लं भरून काढत होती. १९८८ पासून शहराने वेगळा मार्ग धरला. दाणे टाकल्याने कबुतरांचीच गर्दी, रोगराई आणि हाल कसे वाढतात, हे लोकांना समजावलं. सोबत देखरेखीखालची खुराडी उभारून तिथली अंडी काढायला सुरुवात केली. सुमारे ५० महिन्यांत पाहणीतल्या थव्यांमधली कबुतरं १,४०० वरून ७०० च्या आसपास आली.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००३ मध्ये आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ मध्ये दाणे टाकण्यावर बंदी आली, तीही याच विचाराने.

मग दादरमध्ये नेमकं काय झालं?

दादरचा कबुतरखाना १९३३ सालचा आणि वारसा यादीतला. ३ जुलै २०२५ रोजी विधान परिषदेत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला देणार असल्याचं सरकारने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने दाणे टाकायला अंतरिम परवानगी नाकारली आणि नियम मोडणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. पालिकेने दादरच्या जागेवर ताडपत्री टाकली. ६ ऑगस्टला आंदोलकांनी ती फाडून काढली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. पुढे तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि ऑक्टोबरअखेरीस पालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड-ऐरोली आणि गोराई अशा चार ठिकाणी सकाळी ७ ते ९ या वेळेत तात्पुरती परवानगी दिली.

या वादात एका बाजूला जीवदया होती, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा श्वास. दाणे टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण पिढ्यानपिढ्या एका जागी हजारो पक्षी जमवल्यावर एक दिवस सगळं बंद केलं, तर पक्षी आणि माणूस दोघांचे हाल होतात. काही दिवस भुकेले थवे आसपासच्या इमारतींवर पसरतात आणि लोकांना वाटतं, त्रास उलट वाढला. छोट्या गावांसाठी धडा इथेच आहे. थवा लहान असतानाच दाणे हळूहळू कमी केले, तर गोष्ट न्यायालयापर्यंत जात नाही.

आजाराची भीती खरी आहे का?

खरी आहे, पण कबुतर दिसलं की आजार होतो, असं नाही. मुख्य धोका आहे ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ या फुप्फुसाच्या आजाराचा. वाळलेली विष्ठा आणि पिसांची बारीक भुकटी रोज श्वासातून आत गेली, तर काही लोकांची प्रतिकारशक्ती त्यावर जास्तच प्रतिक्रिया देते आणि फुप्फुसाला सूज येते. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात. विष्ठेतून क्रिप्टोकॉकससारख्या बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा धोका अधिक.

भारतातल्या फुप्फुसरोगांची एक मोठी नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के याच आजाराचे होते. त्यात पक्ष्यांइतकंच किंबहुना जास्त बोट एअर कूलरकडे जात होतं. म्हणून उन्हाळ्यात कूलरची टाकी आणि जाळ्या नियमित धुणं हाही याच काळजीचा भाग आहे.

अनेक आठवडे कोरडा खोकला, चालताना दम लागणं, किंवा घरटं साफ केल्यावर काही तासांनी ताप-थंडी येणं, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांकडे जा आणि घराजवळ कबुतरं असल्याचं आवर्जून सांगा. ही लक्षणं दम्यासारखी किंवा टीबीसारखी वाटू शकतात. औषधाइतकंच महत्त्वाचं असतं ते म्हणजे त्या धुळीपासून दूर होणं.

घरी काय करता येईल?

• कोरडी विष्ठा झाडूने कधीही झाडू नका. आधी पाणी मारून भिजवा, मग खरवडून पिशवीत बांधा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्यांकडे द्यावं.

• काड्या जमू लागल्या की लगेच काढा. अंडी किंवा पिल्लं असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा आणि मग जागा बंद करा.

• जाळी ५० मिलिमीटर छिद्रांची आणि ताणून बांधलेली हवी. सैल किंवा फाटक्या जाळीत पक्षी अडकून मरतात.

• सज्जावर ४५ अंशांपेक्षा जास्त उताराची फळी बसवली की कबुतराला बसता येत नाही.

• पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट ठेवा.

• विष, चिकट सापळे, छर्ऱ्याची बंदूक नको. प्राण्यांचा छळ हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

गावाने काय करावं?

नगरपरिषद आणि व्यापाऱ्यांनी मिळून भुसार दुकानांसमोरचं सांडलेलं धान्य रोज संध्याकाळी उचललं, कचऱ्याचे कंटेनर झाकले, तरी मोठा फरक पडतो. दवाखाना, शाळा आणि वस्ती यांच्याजवळ दाणे टाकायला नको, हे आधी बोलून ठरवावं. दंड त्यानंतर.

ज्यांना पक्ष्यांसाठी काही करायचंच आहे, त्यांनी उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं भांडं ठेवावं आणि ते रोज धुवावं. चिमण्यांसाठी लहान तोंडाची घरटी लावावीत, बांधावर बोर-बाभूळ राखावी. जखमी पक्षी दिसला तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. पारवा विहिरीच्या कपारीत राहून रानातले दाणे वेचत आलाच आहे. त्याला जगायला आपल्या चौकातल्या पोत्याची गरज नाही.