धारेचा हिशेब

वणीच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी घातलं, मी चालवलं, आता गल्ल्यावर मुलगा बसतो. कारखान्यातल्या सुऱ्या, टाटांच्या ‘अॅग्रिको’ची फावडी आणि लुधियानाच्या पकडी विकूनच घर चाललं. त्यामुळे ‘यंत्रानं गावचा लोहार मारला’ असं कुणी व्यासपीठावरून म्हटलं, की तो ठपका माझ्याच डोक्यावर येतो. म्हणून एकदा हिशेब मांडतो.

पूर्वी गावात लोहाराकडून पातं विकत घ्यायचा रिवाजच नव्हता. वऱ्हाडात लोहाराला खाती म्हणत. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त बलुतेदारी मांडली, तिच्यात सुतार-लोहार पहिल्या ओळीत. लोखंड कुणब्यानं आणायचं. खात्यानं वखराची पास, डवऱ्याच्या फाशी, कुऱ्हाड, इळा घडवायचा आणि वर्षभर पाजवून द्यायचा. मजुरी खळ्यावर, धान्यात. बलुतं असं वर्षभर धार राखण्याचं होतं. गावाबाहेर पाल ठोकणारे घिसाडी मात्र नगद घेत. त्यांच्या बायका घण मारत.

कारखान्याचं लोखंड या भात्यापर्यंत माझ्या दुकानाच्या कितीतरी आधी पोचलं होतं. चांदा भागात लोहाऱ्याच्या डोंगरातलं दगडी लोखंड लहान भट्ट्यांत गाळत असत. विलायती सळ्या रेल्वेनं स्वस्तात येऊ लागल्या आणि त्या भट्ट्या विझत गेल्या. 1905 पर्यंत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. त्याच्या सीमेवरच्या वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला 1871 मध्ये कोळशाची खाण सुरू झाली. 1882 साली भूगर्भतज्ज्ञ रिटर फॉन श्वार्त्झ यांचा लोहाऱ्याच्या लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याचं त्यांच्या मनानं घेतलं. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. 1904 मध्ये जमशेटजी गेले, 1907 मध्ये कंपनी निघाली, 1912 मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पहिलं पोलाद ओतलं गेलं. कोळसा बरा निघता, तर जमशेदपूर कदाचित आमच्या शेजारी वसलं असतं.

पुढे ट्रक आले आणि लोहाराला खरं घबाड गवसलं: मोडलेल्या गाडीचा कमान-पाटा. असं पोलाद त्याच्या आज्यानं पाहिलंही नव्हतं. आमच्या दुकानामागच्या लोहाराकडे मी ते काम तासन् तास बघत उभा राही. पाटा लाल करून छिन्नीनं तोडायचा, ऐरणीवर घणानं लांबवायचा, कानशीनं तोंड काढायचं. मग पुन्हा तापवून फक्त धारेची कड पाण्यात बुडवायची. बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासली, की पाठीतली ऊब कडेकडे सरकते आणि चकाकीवर रंग चढतो, आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग निळा. कुऱ्हाडीला एक रंग, सुरीला दुसरा. तो रंग साधला, की सगळं पातं पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई झाली तर दगडावर कपचा उडतो.

एकदा एक डावखुऱ्या बाई माझ्याकडे इळा बदलून मागायला आल्या. माझ्याकडचे सगळे उजव्या हाताचे. लोहार म्हणाला, “मावशी, धरून दाखवा बरं हात.” त्यानं मूठ पाहिली, देठाला उलटा बाक दिला, धार दुसऱ्या अंगानं काढली. त्या दिवशी मला माझ्या मालाची हद्द कळली. पोलाद दोघांचंही कारखान्याचंच होतं. पण माझा इळा कुणाच्याही हाताचा आणि त्याचा त्या मावशींच्या हाताचा.

तरीही स्वयंपाकघर माझ्या मालानं जिंकलं, हे कबूल. स्टीलची सुरी गंजत नाही, स्वस्त पडते, बोथटली तर टाकून देता येते. पावशी, म्हणजे विळी, माळ्यावर गेली. पण लोहाराचं पोट सुरीवर कधीच नव्हतं, ते शेतावर होतं. शेतात नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, निंदणाच्या जागी तणनाशकाचा पंप आला. ज्या शेतात डवरा फिरत नाही, तिथं फास पाजवायला कोण येणार? खळ्यावरचं धान्य तर त्याआधीच आटलं होतं. धार राखण्याचं काम गेलं तिथं लोहार गेला.

माझा निवाडा असा: रोजच्या भाजीला कारखान्याची सुरी बेलाशक घ्या. कुऱ्हाड, कोयता, इळा मात्र ज्याच्याकडे धार लावायला परत जाता येईल, त्याच्याकडूनच घडवून घ्या. आणि पाजवून घेताना घासाघीस करू नका. त्याची चूल आता त्याच पैशांवर पेटते.