इमारत

जोगेश्वरी पूर्वेला हल्ली प्रत्येक फाटकावर ‘इमारत’ टांगलेली असते: पुनर्वसन इमारत, धोकादायक इमारत. शब्द अरबी, फारसीमार्गे आला. त्याच्या मुळाशी वस्ती करणे, नांदणे हा अर्थ. ‘उमर’ म्हणजे वयही त्याच धातूतलं. म्हणजे इमारत ही आधी भिंत नव्हे, नांदतं ठिकाण. (‘अमिरात’ वेगळ्या मुळाचा, दुबईला निघालेल्यांनी नातं जोडू नये.)

या अर्थाला शोभेल असं काम मलिक अंबरने केलं: 1610च्या सुमारास खडकी गावी निजामशाहीची नवी राजधानी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तशीच रायगडाची राजधानी बांधली हिरोजी इंदुलकरांनी. तिथल्या जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात विहिरी, तळी, बागा, राजवाडे, गजशाळा सगळं येतं. पण लेख संस्कृत, तिथे ‘इमारत’ कुठून असणार?

मराठीत नांदणं गळालं, बांधकाम तेवढं उरलं. वखारीत तर ‘इमारती लाकूड’ म्हणजे नुसतं बांधकामाचं लाकूड. आणि बोलताना आपण ‘बिल्डिंग’च म्हणतो, उंच असली की ‘टॉवर’. इमारत उरली नोटिशीत, नाहीतर ‘इमारत कोसळली’ या बातमीत.