संगीतावरील लेखन : काल, आज आणि उद्यां

गवय्याची मैफल संपली कीं त्याची कला हवेंत विरून जाते. चित्रकारामागें चित्र राहतें, कवीमागें कविता राहते. गवय्यामागें ऐकणाऱ्यांच्या आठवणी तेवढ्या उरतात आणि ते ऐकणारेही एकेक करून निघून जातात. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. अल्लादियाखाँसाहेब १९४६ सालीं पैगंबरवासी झाले. दोघांच्याही हयातींत तबकड्या निघूं लागल्या होत्या. परंतु दोघांच्याही गाण्याची तबकडी मागें राहिली नाहीं. असें असून बुवांच्या गाण्यांतील रंगत आणि खाँसाहेबांच्या तानेचीं बिकट वळणें यांविषयीं आजचा रसिक जाणतेपणानें बोलतो. हें त्याला कोणीं सांगितलें? कांहीं शिष्यांच्या गळ्यानें आणि कांहीं लेखणीनें. या लेखणीचा आपल्याकडील इतिहास अभिमानास्पद आहे; पण तो तितकाच ओढाताणीचाही आहे.

ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं मुंबईस ‘संगीत दर्पण’ नांवाचें मासिक चालविलें. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, स्वतःचा छापखाना घातला व ‘संगीतामृतप्रवाह’ हें मासिक काढलें. या मासिकांचा हेतु मुख्यतः शिक्षणाचा होता. घराण्यांच्या कोठड्यांत बंद असलेली विद्या सुशिक्षित गृहस्थांच्या घरीं पोहोंचावी, ही त्यामागील तळमळ. परंतु वाचक थोडे, वर्गणी त्याहून थोडी आणि स्वरलेखनाचीं चिन्हें खिळ्यांनीं जुळविण्याचें काम किचकट. अशा स्थितींत मासिकें दीर्घायुषी व्हावींत कशीं?

गाण्याची चिकित्सा करणारें लेखन मराठींत खऱ्या अर्थानें रुजविलें तें केशवराव भोळे यांनीं. ‘वसुंधरा’ पत्रांत ‘एकलव्य’ या टोपणनांवानें त्यांनीं नामांकित गायकांवर लेख लिहिले व ते ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या पुस्तकांत १९३३ सालीं एकत्र आले. बुवांनीं मैफल जिंकली, एवढें म्हणून हा लेखक थांबत नसे. आवाज कसा लागतो, लय कशी सांभाळली जाते, रागाची मांडणी कोठें सैल पडते, हें तो उलगडून दाखवी. केवळ स्तुतीची संवय झालेल्या जगांत हें धाडसच होतें. तथापि भोळे यांचें नांव घरोघर पोहोंचलें तें या लेखांपेक्षां ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या ‘प्रभात’च्या बोलपटांना दिलेल्या संगीतामुळें.

१९४७ सालीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचें ‘संगीत कला विहार’ सुरू झालें. संपादक प्रा. बी. आर. देवधर स्वतः शिक्षक होते. गवय्यांच्या सहवासांत त्यांनीं जें पाहिलें व ऐकलें तें या मासिकांतून लिहिलें आणि त्यांतूनच ‘थोर संगीतकार’ हा ग्रंथ सिद्ध झाला. हें मासिक टिकलें, कारण त्यामागें संस्था उभी होती. पुढें १९६१ सालीं ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायानें हिशेबतपासनीस होते. एक जण संगीतदिग्दर्शक, दुसरा शिक्षक, तिसरा हिशेबतपासनीस! संगीतावर लिहिणें हा मराठींत पोटाचा धंदा क्वचितच झाला. तो व्यासंगच राहिला.

मग आज संकट कोणतें? लेखकाची मिळकत पूर्वीही बेताचीच होती. आज त्याची जागाच गेली. वर्तमानपत्रांत मैफलीपूर्वीं छायाचित्र झळकतें. मैफलीनंतरचें परीक्षण मात्र आकसत चाललें आहे. ही दशा केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडांत १९२६ सालीं निघालेलें ‘मेलडी मेकर’ २००० सालीं दुसऱ्या पत्रांत विलीन झालें आणि तें दुसरें पत्र, १९५२ पासूनचें ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’, यानेंही २०१८ सालीं आपला साप्ताहिक छापील अंक बंद केला.

कोणी म्हणेल, आतां हवें तें गाणें मोबाईलवर क्षणांत ऐकतां येतें. मग लेख हवा कशाला? परंतु ध्वनिमुद्रण सूर जपून ठेवतें; त्या सुराची पारख करून देत नाहीं. ही जागा गायकानें कोणाकडून घेतली, त्यांत स्वतःची भर कोणती घातली आणि टाळ्या मिळाल्या तरी राग कोठें बिघडला, हें यंत्र सांगत नाहीं. शिवाय गाणीं असंख्य झालीं, तेव्हां निवडीचें काम हलकें न होतां अधिक जड झालें आहे.

उद्यांचा मार्ग या इतिहासांतच दिसतो. एकट्या लेखकाचें पत्र द्रव्याभावीं बुडतें आणि संस्थेच्या पत्राला आपल्याच माणसांविषयीं परखड लिहिणें जड जातें. म्हणून संस्थांनीं पैसा पुरवावा, पण लेखणीवर हात ठेवूं नये. लिहिणारानें चार वर्षें तंबोऱ्यापाशीं काढावींत आणि मगच कागद पुढें ओढावा. उरला वाचक. मैफलीच्या तिकिटास शेंकडों रुपये सहज देणाऱ्या सुशिक्षित कुटुंबानें एका संगीत-मासिकाची वर्गणी भरणें अवघड नाहीं. भास्करबुवांचें गाणें कसें होतें, हें पणजोबांच्या पिढीनें लिहून ठेवलें म्हणून आज कळतें. आजच्या गवय्यांविषयीं पणतवंडांनीं तेंच विचारलें, तर त्यांच्या हातीं नुसती जाहिरात लागूं नये.